सरांचा सराव

मुलाला स्मशानात पोचवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सर जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे."

आवाज चढवून नाही, कुरकुरत नाही. बाहेर ऊन पडलंय असं सांगावं तसं. भाजी शेजारणीने करून आणली होती. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, उठून मिठाचा डबा त्यांच्यापुढे ठेवला, आणि हात मागे घेता घेता त्यांच्या मनात आलं की या माणसाबरोबर आता आपल्याला राहता यायचं नाही. प्रत्यक्ष घर सोडायला पुढे काही महिने गेले. पण सुटलं ते तिथंच.

सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, त्यातही प्राचीन ग्रीकांचं. सुख म्हणजे काय आणि मन शांत कसं ठेवावं, या एकाच प्रश्नावर त्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या जो काथ्याकूट केला, तो सर इतका रंगवून सांगत की दुसऱ्या वर्गांतली मुलं येऊन मागे उभी राहत. त्यांनी त्या सगळ्यांना घरगुती नावं ठेवली होती. एक 'बागवाले' – म्हणे पोटाला साधं अन्न, जवळ चार मित्र आणि जिवाला घोर नाही, यापलीकडे सुख नसतं. दुसरे 'ओसरीवाले' – जे आपल्या हातात नाही त्याच्यासाठी जीव जाळू नये. आणि तिसरे 'कोण जाणे'वाले – कशाचाच निवाडा करू नका, शांती आपोआप मागून येते. सरांचा ओढा ओसरीवाल्यांकडे. आणि सर नुसते बोलघेवडे नव्हते. त्यांना डावलून मागून आलेल्या माणसाला विभागप्रमुख केलं, तेव्हा सरांनी त्याला आपली खुर्ची स्वतः उचलून नेऊन दिली, कारण तिची पाठ चांगली होती. कुत्रं चावलं तेव्हा आधी कुत्र्याला कुठे लागलं नाही ना ते बघितलं. कॉलेजात म्हणायचे, सरांच्या अंगावर वीज पडली तर सर तिला 'बसा' म्हणतील.

काकू अगदी उलट. डोळ्यांत पाणी आणि तोंडात शिवी, दोन्ही कायम तयार. त्या एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवायच्या. दंतवैद्यांकडून तोंडाचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणाची हिरडी बसवायची आणि त्या मेणात एकेक दात रोवायचा. गल्लीतली पोरं त्यांना दातकाकू म्हणत. पुढे मोठ्या माणसांनीही तेच उचललं. त्यांनी तापावं आणि सरांनी निववावं, असा त्यांचा संसार वर्षानुवर्षं नीट चालला होता.

त्यांना एकुलता एक मुलगा. त्याला सगळे भुंगा म्हणत, कारण तो सतत गुणगुणायचा. जेवताना, अंघोळ करताना, अभ्यास करताना. गाणं असं नव्हेच, नुसता घूं-घूं असा सूर. एकदा परीक्षेत त्याला त्यापायी वर्गाबाहेर काढलं होतं. अभ्यासात त्याचं डोकं बेताचंच, पण हातात कसब होतं. वीजकाम शिकला आणि छपरांवर सौर पॅनेल बसवणाऱ्यांच्या टोळीत लागला. एका गोदामाच्या पत्र्यांच्या छपरावर काम चालू होतं. अशा छपरांत उजेडासाठी मधूनमधून पांढऱ्या फायबरचा एखादा पत्रा घातलेला असतो. उन्हापावसाने तो कडक होऊन गेलेला असतो आणि धूळ बसली की लोखंडी पत्र्यासारखाच दिसतो. भुंग्याने त्यावर पाय ठेवला.

त्या दिवसांत सर सगळ्यांना सावरत होते. भुंग्याचे सोबती ओक्साबोक्शी रडत आले, सरांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, चहा करून दिला. ज्याने त्याला त्या बाजूला जायला सांगितलं होतं तो पोरगा तर थरथरत होता. सरांनी त्याला समजावलं की यात तुझा दोष नाही. सगळे म्हणाले, काय धीराचा माणूस. काकू मात्र वाट बघत होत्या. कधीतरी हा बांध फुटेल. न्हाणीघराच्या दाराशी त्या कान देऊन उभ्या राहायच्या. आतून फक्त पाण्याचा आवाज यायचा. सर पुन्हा वर्गावर जायला लागले, पूर्वीसारखंच शिकवायला लागले. एकदा काकूंनी त्यांना सरळ विचारलं, "तुम्हाला काही होतच नाही का हो?" सरांनी प्रश्नाचा विचार केला, विद्यार्थ्याने विचारल्यावर करायचे तसा, आणि म्हणाले, "होतं. पण जे आपल्या हातात नव्हतं..." पुढचं काकूंनी ऐकलं नाही. कान झाकून त्या आतल्या खोलीत गेल्या.

त्या बहिणीकडे निघाल्या तेव्हा सर त्यांची बॅग घेऊन बसथांब्यापर्यंत आले. "तिथे तुला बरं वाटेल," म्हणाले. एकदा जरी 'जाऊ नकोस' म्हणाले असते तरी काकू मागे फिरल्या असत्या. बस आली, सरांनी बॅग आत ठेवली, हात केला.

धाकट्या बहिणीला हे काही पटेना. रोज काही ना काही काढून ती काकूंना समजवायची. भावोजी कधी दारूला शिवले नाहीत, कधी हात उगारला नाही, कधी वावगा शब्द नाही. "आणि ताई, तू त्यांना सोडून आलीस ते का, तर ते रडत नाहीत म्हणून? लोक हसतील."

"हसू देत," काकू म्हणाल्या. "त्यांच्या कवळ्या मीच करते."

पण हे बोलण्यापुरतं. कामावर त्या पूर्वीसारख्या बोलत नसत. दात रोवायचं काम असं की त्यात मन गुंतवावंच लागतं. वरचे पुढचे दात अगदी सरळ लावले तर ते नकली दिसतात. एखादा किंचित फिरवावा लागतो, एखाद्याची कड घासावी लागते, तेव्हा ते माणसाचे वाटतात. काकू सकाळी जाऊन बसायच्या त्या अंधार पडायच्या बेताला उठायच्या.

एका शनिवारी दुपारी सर प्रयोगशाळेच्या दारात उभे. घरचं काही सामान आणलं असेल असं काकूंना वाटलं, पण हात रिकामे होते. सोबत काम करणारी बाई चहाचं निमित्त काढून बाहेर गेली. सर तिच्या स्टुलावर बसले, साच्यांनी भरलेल्या फळ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला भुंगा आठवत नाही."

काकूंना वाटलं, यांच्या डोक्याला काही झालं. सरांनी मान हलवली. तसं नव्हे. तारखा आठवतात, शाळा आठवते, कोणत्या वर्षी कोणता ताप आला ते आठवतं. तो आठवत नाही.

मग त्यांनी सांगितलं ते काकूंनी पहिल्यांदाच ऐकलं. ओसरीवाल्यांमध्ये एक होता, गुलामीत जन्मलेला, पायाने अधू. त्याने एक सराव सांगितला होता. मुलाला जवळ घेशील तेव्हा मनातल्या मनात म्हण, हा उद्या नसेल. असं म्हणत राहिलं की वेळ येते तेव्हा माणूस मोडून पडत नाही.

"मी तो केला," सर म्हणाले. "भुंगा झाला तेव्हापासून."

"कधी करायचात?"

"रोज. निजवताना. शाळेच्या फाटकाशी. मोठा झाल्यावर तो बुटाच्या नाड्या बांधून कामाला निघायचा, तेव्हा."

काकूंच्या हातात मेण होतं, ते हातातच थिजलं. त्यांना दिसलं. सर भुंग्यावर वाकायचे, क्षणभर थांबायचे, त्यांचे ओठ किंचित हलायचे. इतकी वर्षं त्या हे बघत आल्या होत्या आणि त्यांना वाटायचं, चारचौघांत लाड करायला लाजतात म्हणून मनात काहीतरी लाडाचं पुटपुटतात. कितीदा तरी दारात उभं राहून त्यांनी ते कौतुकाने पाहिलं होतं.

"तो गेला तेव्हा मला नवं काही वाटलंच नाही," सर सांगत होते. "मी त्याला आधीच इतक्या वेळा पोचवून आलो होतो. सराव फळाला आला. पण आता त्याला आठवायला जातो, तर तो दिसत नाही. ते वाक्यच ऐकू येतं."

गेल्या आठवड्यात वर्गात ते बागवाल्यांवर बोलत होते. बागवाला म्हातारा म्हणायचा की दुखण्यात माणसाने मागची सुखं आठवावीत, त्यांच्या आधारावर शरीराच्या यातनाही सोसता येतात. तो स्वतः मरताना तसाच सोसत मेला. सर हे वाक्य दरवर्षी सांगत आले होते. या वेळी सांगता सांगता त्यांनी सहज आपल्यापाशी काय आहे ते चाचपलं, आणि हाताला काही लागेना. मुलं समोर बसलेली, आणि सर खडू धरून नुसते उभे.

"एकच आहे," ते म्हणाले. "तो लहान होता. आम्ही दोघं बसने कुठून तरी येत होतो. तो माझ्या मांडीवर झोपला. तोंड उघडं, सगळी लाळ माझ्या सदऱ्यावर. झोपेतसुद्धा गुणगुणत होता. माझा थांबा गेला तरी मी उठलो नाही. आगारापर्यंत गेलो. कंडक्टरने उठवलं तेव्हा लक्षात आलं, आज मी ते म्हणायला विसरलो. तेवढाच एक दिवस तो माझ्याजवळ आहे." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "तुझ्याजवळ पुष्कळ असतील. मला सांगशील का?"

काकूंना त्यांचा चेहरा दिसेनासा झाला. रडू आलं नव्हतं, संताप आला होता.

"तो जिवंत होता," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत हिंडत-फिरत होता, आणि तुम्ही त्याला रोज..." वाक्य त्यांना पुरं करवेना. "निघा तुम्ही. उठा."

सर उठले आणि गेले. त्या दिवशी काकूंनी लावलेले दात सगळे वाकडे आले. सोबतच्या बाईने न बोलता मेण वितळवून पुन्हा लावले.

पुढच्या शनिवारी सर पुन्हा आले आणि बाहेर, जिन्यापाशी उभे राहिले. आत आले नाहीत, हाक मारली नाही. काकूंनी बराच वेळ पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग बोलावलं. आणि खरं सांगायचं तर त्यांनी सांगायला सुरुवात केली ती मायेने नव्हे. त्यांना वाटलं, घ्या, कळू द्या तुम्हालाही आपण काय घालवलं ते.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती स्पंजाची. सरांनीच कधीतरी भुंग्याला एका ग्रीक चित्रकाराची गोष्ट सांगितली होती. त्याला घोड्याच्या तोंडचा फेस काही केल्या जमेना. शेवटी वैतागून त्याने रंग पुसायचा स्पंज चित्रावर फेकून मारला, आणि नेमका फेस उमटला. सरांना त्यातून मुलाला सांगायचं होतं की अट्टहास सोडला की शांती मिळते. मुलाने त्यातून घेतलं एवढंच की स्पंज फेकायचा असतो. सर कॉलेजात गेल्यावर त्याने काकूंचा प्लास्टर पुसायचा स्पंज बादलीत बुडवून स्वयंपाकघराची भिंत दिवसभर बडवली. काकूंनी आधी एक धपाटा घातला, मग भिंतीकडे बघून त्यांना हसू आवरेना, मग त्यांनी पण दोनचार फेकले. संध्याकाळच्या आत दोघांनी मिळून भिंत धुतली. "तुम्हाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं," काकू म्हणाल्या.

सर हसले. हसता हसता त्यांचा चेहरा मध्येच कसातरी झाला.

मग दर शनिवारी. भुंगा सायकलवरून पडला आणि गुडघ्यापेक्षा सायकलला फुंकर घालत बसला ते. त्याला एक मुलगी आवडायची आणि तिच्या घरासमोरचा दिवा बिघडला नसताना तो दुरुस्त करायला चढला ते. एकदा त्याने आईला विचारलं होतं, बाबा माझ्यावर कधी चिडत का नाहीत, मी त्यांना आवडत नाही का – तेही काकूंनी सांगितलं. सांगू नये असं वाटत असतानाही सांगितलं. सर त्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून उतरले.

एका शनिवारी काकूंनी वरच्या फळीवरून एक पिवळट पडलेला साचा काढला. लहानपणी भुंग्याचे दात वाकडे येत होते, तारा लावायच्या म्हणून काकूंनी स्वतः त्याच्या तोंडाचा ठसा घेतला होता. पुढचे दोन दात मोठे, शेजारी एक अर्धवट उगवलेला. सरांनी साचा दोन्ही हातांत धरला. अंगठा त्या अर्धवट दातावरून फिरवला. आणि मग जो आवाज त्यांच्या घशातून निघाला, तो ऐकून सोबतची बाई बाहेरून धावत आली. काकू इतके महिने त्याच आवाजाची वाट बघत होत्या.

त्यानंतर सर वाळत गेले. बहिणीने त्यांना बाजारात पाहिलं. भाज्यांच्या ढिगापुढे नुसते उभे, डोळ्यांतून पाणी, आणि भाजीवाली त्यांना पोत्यावर बसवून पाणी पाजत होती. कॉलेजातून रजा घेतली असंही कळलं. बहीण घरी आली ती तणतणतच.

"ताई, तू मुद्दाम करतेस का हे?"

काकूंना खरंच माहीत नव्हतं. सर मागत होते आणि त्या देत होत्या, एवढं खरं. पण त्यांना पाजत होत्या ते औषध की विष, आणि पाजणारा हात बायकोचा की त्या पोराच्या आईचा, हे त्यांना स्वतःलाच उमगत नव्हतं.

मग एका शनिवारी सर आलेच नाहीत. काकूंनी हातातला जबडा पुरा केला, हात धुतले आणि घरी गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. सर पलंगाच्या कडेवर बसलेले, दाढी वाढलेली. एक बूट पायात, दुसरा हातात. निघाले होते, पण दुसऱ्या बुटापर्यंत येऊन सगळं अवसान गेलं असावं.

काकू शेजारी बसल्या.

"हे तू एकटीने कसं सोसलंस?" सरांनी विचारलं.

"सोसलं नाही. सोसतेय."

थोड्या वेळाने काकूंनी विचारलं, पूर्वीसारखं शांत व्हावंसं वाटतं का. सरांना खोटं बोलता येत नसे.

"रोज वाटतं," ते म्हणाले. "सकाळी जाग आली की पहिलं तेच वाटतं. पण मग तो पुन्हा दिसेनासा होईल याची भीती वाटते." हातातला बूट त्यांनी जमिनीवर ठेवला. "आणखी सांग."

काकूंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की सांगायला काही उरलं नाही. त्यांनी मनात शोधलं, कोपरान् कोपरा धुंडाळला. जे सापडत होतं ते सगळं सांगून झालं होतं. त्यांना वाटत आलं होतं की आपल्याकडे पोरगा अख्खाच्या अख्खा आहे, कितीही वाटला तरी संपणार नाही.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "संपलं."

तेव्हा त्या रडल्या, आणि सरांनी त्यांना समजावलं नाही. ओसरीवाल्यांचं नाही, बागवाल्यांचं नाही, कुणाचंच काही सांगितलं नाही. तेही रडत होते. दोघं एकमेकांना धरून बसलेसुद्धा नाहीत. शेजारी शेजारी, आपापले रडत राहिले.

काकू त्या दिवसापासून परत राहायला आल्या असं काही म्हणता यायचं नाही. बॅग बहिणीकडेच होती. पण त्या येत-जात राहिल्या, आणि पुढे कधीतरी बहिणीनेच बॅग आणून दिली. घर काही पूर्वीचं झालं नाही. आता घरात दोन माणसं तापायला होती आणि निववायला कुणीच नव्हतं. सर बारीकसारीक गोष्टींवरून चिडायला लागले होते. सांडलेलं दूध, उघडी राहिलेली खिडकी. चिडून झालं की स्वतःच घाबरल्यासारखे बघत राहायचे. कॉलेजात ते परत गेले नाहीत. मन शांत कसं ठेवावं हे आता कोणत्या तोंडाने शिकवू, म्हणाले.

एके दिवशी सकाळी त्यांनीच विषय काढला की जिथे तो पडला तिथे आपण कधी गेलो नाही. काकू नाही म्हणणार होत्या, पण चपला घालून निघाल्या.

गोदाम गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून होतं. रस्त्यावरूनच छप्पर दिसत होतं. मधला एक पत्रा नवाकोरा, बाकीच्यांपेक्षा पांढरा. उतरत्या बाजूवर पॅनेलच्या रांगा उन्हात चमकत होत्या. काम मागाहून दुसऱ्या कुणीतरी पुरं केलं होतं. फाटकावरचा पहारेकरी उठून आला आणि कोण पाहिजे म्हणून विचारायला लागला.

"कुणी नाही," काकू म्हणाल्या.

"आमचा मुलगा इथे कामाला होता," सर म्हणाले.

पहारेकऱ्याने एकदा छपराकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि आतून आपली खुर्ची आणली. खुर्ची एकच होती. सरांनी काकूंना बसवलं आणि स्वतः शेजारी फाटकाच्या दगडावर टेकले. मग त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, यांतल्या कुठल्या रांगा आधीच्या पोरांनी बसवलेल्या. त्या आमच्या मुलाने लावल्या असतील.

पहारेकरी नवीन होता. त्याने आत जाऊन एकदोघांना विचारलं आणि परत आला. सगळ्या रांगा सारख्याच दिसतात, म्हणाला, कुणालाच सांगता येत नाही.

ऊन वर येईपर्यंत दोघं तिथेच बसून होते, सगळ्या रांगांकडे बघत.